शिवार, गट नंबर, किती परस: मराठवाड्यातली दगडांची भटकंती

फर्दापूरच्या टी पॉइंटवर स्फटिक मांडून बसलेल्या कुणालाही "हा कुठला?" असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: अजिंठ्याचा. हिरवट अपोफिलाइट अजिंठ्याचा, गुलाबी स्टिल्बाइट अजिंठ्याचा, जांभळी ॲमेथिस्टची वाटीही अजिंठ्याचीच. दगड सुंदर असतात, भावही घासाघीस केली की परवडतो. पण घरी आणून कपाटात ठेवल्यावर तो नेमका कुठल्या जमिनीतून निघाला हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मला त्याचंच फार वाईट वाटतं. म्हणून या वेळी मावसभावाला गाडीसकट सोबत घेतलं आणि ज्यांचा ठावठिकाणा आपल्या हाताने लिहिता येईल असेच नमुने जमवायचे, असं ठरवून फाल्गुनात बाहेर पडलो. संभाजीनगर, फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा. तिथून उलटं भोकरदनमार्गे जालना. मग पैठण आणि शेवटी तेर.

अजिंठ्याला सोमवारी सुट्टी असते, वेरूळला मंगळवारी. टी पॉइंटला गाडी लावून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर तिथल्या बसने जायचं. लेण्यांच्या परिसरातून खडाही उचलायचा नाही. संरक्षित स्मारक आहे, आणि कायदा नसता तरी उचलू नये. बघायला मात्र भरपूर आहे. विजेरी नेली असेल तर चित्रांवर न मारता, जिथे कोरा कातळ उघडा आहे तिथे बघा. काळ्या बेसाल्टात पांढरे ठिपके आणि गाठी दिसतील. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे खनिजांनी भरलेलं पाणी झिरपत राहिलं आणि झिओलाइट (आत पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांचं कुटुंब), कॅल्साइट, गारगोटी (क्वार्ट्झ) असं एकेक साचत गेलं. काही पोकळ्यांना आतून हिरव्या मातकट खनिजाचं अस्तर असतं, ते सेलॅडोनाइट. अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा रंग अशाच हिरव्या मातीचा आहे. निळा मात्र लाजवर्दाचा (लॅपिस लाझुली), आणि लाजवर्द इथे कुठेच मिळत नाही. तो अफगाणिस्तानातून यायचा. एकाच भिंतीवर एक रंग पायाखालचा आणि एक हजारेक मैलांवरचा. दगडाचं गाव शोधण्याच्या कामाला याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही.

खाली आल्यावर एका विक्रेत्याकडे बसलो.

"दादा, हा खरंच इथला का?"

"अजिंठ्याचाच हाय साहेब. मागच्या डोंगरातला."

"डोंगरातून तर काही काढता येत नाही. खाणीचं नाव ठाऊक असेल तर सांगा, भाव करत नाही तुमच्याशी."

तो जरा थांबला, मग म्हणाला, "जळगावहून एक जण माल घेऊन येतो. सावद्याकडचा हाय म्हणतो."

एवढं कळलं तरी पुष्कळ आहे. इथे विकला जाणारा बराचसा माल जळगाव, नाशिक, पुणे, अहिल्यानगरकडच्या खाणींतून व्यापाऱ्यांमार्फत येतो. विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ नाही, गिऱ्हाइकाला "अजिंठ्याचा" हेच ऐकायचं असतं. आम्ही चिठ्ठीवर लिहिलं: "फर्दापूर येथे विकत घेतला. विक्रेत्याच्या सांगण्यानुसार सावदा परिसर, जि. जळगाव." माझा आग्रह आहे की स्वतः पाहिलेलं, दुसऱ्याने सांगितलेलं आणि आपण अंदाज केलेलं या तीन गोष्टी चिठ्ठीवर कधीच मिसळू नयेत. पुढे ज्याच्या हाती तो दगड जाईल, त्याला कशावर किती भरवसा ठेवायचा ते कळलं पाहिजे.

काही दगड स्वतःच आपला पत्ता सांगतात. गडद निळ्या कॅव्हनसाइटचे गुच्छ कुणी दाखवले, तर ते पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतले समजायला हरकत नाही. असा माल दुसरीकडून सहसा येत नाही. पांढऱ्या मऊ ओकेनाइटच्या गोळ्याला भडक निळा किंवा गुलाबी रंग असेल, तर तो रंगवलेला आहे. खडकावर स्फटिक डिंकाने चिकटवलेलेही मिळतात. खिशात छोटा अतिनील टॉर्च ठेवा, बऱ्याच जातींचा डिंक त्याखाली निळसर पांढरा चमकतो.

ओळख पटवण्याबद्दल इथेच सांगतो, कारण दुकानात आणि ढिगाऱ्यावर कसोट्या त्याच लागतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग, पोलादी सुई, काचेचा तुकडा आणि व्हिनेगरची छोटी बाटली एवढं पुरतं. अपोफिलाइट आणि गारगोटी यांत नवख्याची गफलत हमखास होते. अपोफिलाइटचा खांब चौकोनी असतो, त्याच्या बाजूंवर उभ्या रेघा असतात आणि वरच्या सपाट माथ्यावर मोत्याची झाक येते. गारगोटीचा खांब षटकोनी, रेघा आडव्या, आणि ती काचेवर सहज ओरखडा काढते. स्टिल्बाइटचे स्फटिक मधोमध आवळलेल्या कडब्याच्या पेंढीसारखे दोन्ही टोकांना पसरतात. एकदा पाहिलं की विसरत नाही. ह्यूलँडाइट पसरट, त्याच्या मोठ्या पृष्ठावरही मोत्याची झाक असते, पण तो असा पसरत नाही. सुयांचे पांढरे झुबके दिसले तर स्कोलेसाइट, मेसोलाइट किंवा नॅट्रोलाइट. ही भावंडं नुसत्या डोळ्यांनी वेगळी करता येत नाहीत, तेव्हा चिठ्ठीवर "सुईसारखा झिओलाइट" एवढंच लिहावं. आणि दगड तिरक्या चौकटीत फुटत असेल, व्हिनेगरच्या थेंबाखाली बारीक बुडबुडे येत असतील, तर तो कॅल्साइट.

खरा आनंद भोकरदन ते जालना या पट्ट्यात मिळाला. खदान म्हटलं की सगळे खडी क्रशरकडे धावतात, पण मराठवाड्यात स्फटिक बघायचे तर विहिरीचा ढिगारा बघावा. माघापासून वैशाखापर्यंत विहिरी खोदल्या जातात, यारीने वर काढलेला दगड काठावर टाकलेला असतो, आणि तो कुठून आला हे सांगणारा माणूस तिथेच उभा असतो. रस्त्यावरून असा एक ताजा ढिगारा दिसला. गाडी बाजूला लावली, बांधावरून हाक मारली, मालक येईपर्यंत शेतात पाय टाकला नाही.

"मामा, विहिरीचा दगड बघू का जरा? न्यायचं झालं तर विचारूनच नेऊ."

"बघा की. त्याचं काय करताव पण?"

समजावून सांगितल्यावर ते स्वतःच ढिगाऱ्यावर चढले. विहिरीचा सगळा इतिहास त्यांनी उभ्या उभ्या सांगितला. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (पोकळ्यांनी भरलेला मऊ खडक), तो सुरुंगाशिवाय निघाला. त्याखाली लाल गेरूचा हातभर थर, आणि पुन्हा काळा पाषाण. "पाचव्या परसाला गारगोट्या लागल्या बघा. पोरांनी नेल्या थोड्या." परस म्हणजे विहिरीची खोली मोजायचं माप, साधारण पुरुषभर. भूशास्त्राच्या भाषेत हा लाव्ह्याच्या दोन प्रवाहांचा काटछेदच होता: लाल थर म्हणजे एक प्रवाह थंड झाल्यावर दुसरा येण्याआधी झिजलेला पृष्ठभाग. असा कुठलाही तपशील शेतकऱ्याच्या तोंडून आला, तर तो जसाच्या तसा लिहून घ्यावा. नंतर शास्त्रीय नाव जोडता येतं, परसाचा आकडा नंतर कुणी सांगत नाही.

तिथला सर्वात चांगला नमुना तळहाताएवढा आहे. खाली बेसाल्ट, त्यावर हिरवं अस्तर, त्यावर ह्यूलँडाइटचे बारीक चकचकीत स्फटिक आणि सर्वात वर फिकट गुलाबी स्टिल्बाइट. जो ज्याच्यावर बसला आहे तो त्याच्यानंतरचा, हा साधा नियम लावला की पोकळीत कोण कुणामागून आलं ते वाचता येतं. म्हणून छिन्नीने नुसते स्फटिक सोडवू नका, खालचा खडक राहू द्या. मूळ खडकासकट असलेला तुकडा आपली जागा सिद्ध करायला मदत करतो, सुटा स्फटिक मुका असतो. गावाचं नाव इथे देत नाही, मामांनीच तसं सांगितलं आहे. चिठ्ठीवर मात्र गाव, शिवार, गट नंबर, विहीर, परस, तारीख आणि फोनच्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश, सगळं आहे.

विहिरीत उतरू नका, कुणी आग्रह केला तरी. सुरुंग लावायच्या वेळी ढिगाऱ्यापाशीही थांबायचं नाही. दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजं आहेत आणि त्यांची वाहतूक महसूल खात्याच्या परवान्यावर चालते, तेव्हा पिशवीत मावेल तेवढंच घ्या आणि मालकाची परवानगी चिठ्ठीत नोंदवा. समृद्धी महामार्गाच्या कटिंगमध्ये लाव्ह्याचे थर झकास उघडे पडले आहेत, पण तिथे गाडी थांबवणं धोक्याचं आणि नियमाबाहेरचं आहे. खिडकीतून बघा.

आता ज्यांच्याकडे आजोबांच्या, सरांच्या किंवा कॉलेजच्या जुन्या पेट्या आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट, कारण या भागात गाव शोधताना भूगोलाइतकाच इतिहास लागतो. "औरंगाबाद" असं लिहिलेली चिठ्ठी सापडली, तर ते शहर, तालुका, जिल्हा की विभाग? तारीख बघा. जालना १ मे १९८१ ला वेगळा जिल्हा झाला. त्याआधीची "जि. औरंगाबाद" ही चिठ्ठी जालन्याच्या विहिरीचीही असू शकते. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत होतं, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत. १९४८ च्या आधीच्या चिठ्ठ्यांवर नुसतं "निजाम राज्य" किंवा "हैदराबाद, दख्खन" असतं, आणि परदेशी संग्रहातला माणूस तो दगड आजच्या हैदराबाद शहराजवळ शोधत बसतो. आता औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं आहे. जुनी चिठ्ठी फाडू नका, दुरुस्तही करू नका. तिच्याशेजारी नवी चिठ्ठी ठेवा, दोन्हींवर तोच क्रमांक घाला आणि नव्या चिठ्ठीवर तुमचं अनुमान व तारीख लिहा.

पैठणला गोदावरीच्या पात्रात गुळगुळीत अकीक, जास्पर, चर्ट असे गारगोटीच्या कुळातले खडे मिळतात. ते उगमापासून इथवर कुठूनही वाहत आले असतील, म्हणून त्यांच्या चिठ्ठीवर "गोदावरीची वाळू, पैठण" एवढंच लिहायचं. मूळ खडकाचा दावा करायचा नाही. वाळूचे ठेके किंवा ट्रॅक्टर दिसतील तिथे थांबू नका, आणि धरणातून पाणी सोडण्याची सूचना गावात विचारून घ्या. या दगडांचं नाव फार पूर्वीच परदेशात गेलं होतं. इ.स. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलं आहे की भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असलेल्या पैठणहून गोमेदासारखे पट्टेदार दगड गाड्यांतून मोठ्या प्रमाणावर भडोच बंदराला जात. त्याच मजकुरात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर आहे, म्हणजे आपलं तेर. गोरोबाकाकांच्या दर्शनाला गेलात की तिथलं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय चुकवू नका. अकीक आणि कार्नेलियनचे मणी भिंगातून बघितले, तर पैठणच्या वाळूत उचललेल्या खड्यांचेच पट्टे ओळखू येतात.

घरी आणल्यावर साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. चमक यावी म्हणून ॲसिड वापरू नका, त्यात कॅल्साइट विरघळतो आणि झिओलाइटही खराब होतात. झिओलाइटच्या आत पाणी असतं, म्हणून आमच्याकडच्या वैशाखी उन्हात गच्चीवर वाळत टाकू नका; लॉमोंटाइट तर कोरड्या हवेतच भुगा होतो. सुयांचे झुबके कागदात गुंडाळू नयेत. डब्याच्या तळाला खालचा खडक सुतळीने बांधा, सुयांना काहीच टेकलं नाही पाहिजे. एसटीच्या प्रवासातही ते असे टिकतात. दगडाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर शाईने क्रमांक लिहा. चिठ्ठ्या हरवतात, क्रमांक राहतो.

नांदेडची बाजू पुढच्या फेरीसाठी ठेवली आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोदलेल्या बोअरमध्ये बेसाल्ट ३३८ मीटर जाड निघाला. पूर्वेकडे ही जाडी कमी होत जाते, आणि देगलूर, बिलोलीकडे खालचा कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. तिथे गुलाबी फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ बघायचे. त्या ग्रॅनाइटमधला म्हणून कुणी स्टिल्बाइटची पेंढी दाखवली, तर आधी तिच्याखालचा खडक बघा. ओळख न पटलेले नमुने नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या भूशास्त्र संकुलात दाखवता येतील. जाताना चिठ्ठीची प्रत आणि त्याच दगडाचा वेगळा पुडीत बांधलेला छोटा तुकडा न्या. क्ष-किरण तपासणीसाठी भुकटी करावी लागते, आणि त्यासाठी चांगला नमुना फोडायची वेळ येऊ नये.