बॉडी फॅट मोजताना 'कंबर' या एका शब्दापायी तीन आठवडे गेले

पुरुषांची कंबर नक्की कुठे मोजायची हे कुणी धड सांगत नाही, आणि याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

बॉडी फॅट, म्हणजे अंगात चरबी किती टक्के, हे काढायला मी अमेरिकन नेव्हीची पद्धत वापरली, हॉजडन आणि बेकेट यांनी १९८४ मध्ये बसवलेली. पुरुषांना तीनच मापं लागतात. उंची १७० सेमी, मान ३७, झालं. पुढच्या रकान्यात लिहिलं होतं 'कंबर', मी सरळ पॅन्टचं माप टाकलं, ३२ इंच म्हणजे ८१ सेमी, आणि उत्तर आलं १५.४ टक्के. इतका आनंद झाला की भावाला फोन करून सांगितलं. पण शर्ट काढला की पोट दिसायचंच, आणि ते काही १५ टक्क्यांचं वाटेना. तीन आठवडे तसेच गेले, मग कळलं की पुरुषांचं माप बेंबीवरून घ्यायचं असतं. आपण पॅन्ट बेंबीच्या चांगली चार बोटं खाली घालतो, पोट सगळं वर राहतं! हे एक वाक्य त्या रकान्याखाली लिहायला काय जात होतं?

परत मोजलं. टेप बायकोने धरला कारण एकट्याने मोजलं की पाठीमागे तो खाली घसरतो. "अरे पोट आत ओढू नकोस, श्वास सोड आधी," म्हणाली. श्वास सोडल्यावर बेंबीवर भरलं ९२. उत्तर २३.६. माणूस तोच, आठ टक्क्यांचा फरक.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, बरोबर आहे म्हणून निवांत राहू नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय २२.३, पण फॅट युडकिनांचं ९.१ आणि याज्ञिकांचं २१.२ टक्के, २००४ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात फोटोसकट आलं होतं.

हां, मान कंठमण्याच्या खाली मोजा, १ सेमी चुकलं तरी पाऊण टक्का हलतो. आणि टेप नवा घ्या, आमच्या शिलाई मशीनच्या खणातला ताणून सैल झालेला निघाला.

दुसऱ्या सूत्राने, म्हणजे उंचीला पोटाने भागून २० ने गुणायचं आणि ६४ मधून वजा करायचं, माझं २७ आलं. म्हणून टक्क्यांमागे लागणं सोडलंय, दर रविवारी सकाळी चहाच्या आधी फक्त बेंबीचं माप वहीत लिहितो. परवा ८९.५ भरलं.