फुकटचा तास

पुणेकराला फुकट मिळालेल्या गोष्टीचा संशय येतो. 'एकावर एक मोफत' म्हटलं की पहिल्याची किंमत आधी वाढवलेली असणार, हे आपण शाळेत असल्यापासून जाणतो. त्यामुळे जिब्राल्टर मागे पडल्यावर एका रात्री केबिनमधल्या पलंगावर उद्याच्या कार्यक्रमपत्रिकेसोबत 'आज रात्री दोन वाजता घड्याळ एक तास मागे घ्यावे' अशी चिठ्ठी दिसली, तेव्हा ती चष्मा लावून दोनदा वाचून हे म्हणाले, "याचे शेवटी बिलात लावतील."

प्रवासच मुळात स्वस्तातला होता. उन्हाळाभर भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या क्रूझच्या बोटी हिवाळा आला की कॅरिबियनच्या उबेला जातात. बोट रिकामी नेण्यापेक्षा कमी भाड्यात माणसं भरून नेलेली परवडतात. मुलगा फ्लोरिडात, त्याच्याकडे जायचं होतंच, म्हणून यांनी बार्सिलोनाहून बोटीने जायचं ठरवलं. फक्त मधे अटलांटिक आहे, आणि आठवडाभर खिडकीतून पाण्याशिवाय काही दिसणार नाही, हे नातेवाइकांना सांगितल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न: "अगं, पण दिवसभर करणार काय?" पुण्यात घरी बसून आपण दिवसभर काय करतो, हे कोणी कधी विचारत नाही.

तर तो तास. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणून पश्चिमेला 15 अंश सरकलं की एक तास मागे. आमची बोट अठरा नॉट्सने, म्हणजे ताशी तेहतीस-चौतीस किलोमीटरने, निवांत चालली होती. त्या वेगाने एवढे अंश ओलांडायला दीड-दोन दिवस लागतात. म्हणून एक-दोन रात्रींआड चिठ्ठी येई आणि दुसरा दिवस पंचवीस तासांचा होई. नोव्हेंबरात स्पेन आणि फ्लोरिडा यांच्यात सहा तासांचं अंतर असतं. विमान ते एका दमात अंगावर टाकतं, बोट हप्त्याहप्त्याने देते.

ह्यांना यात फार मोठं काही वाटलं नाही. त्यांचं म्हणणं, आपल्या पुण्याचं घड्याळ तरी कुठे खरं आहे? भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावरची, पुणे जवळजवळ 74 वर. सूर्य आपल्याकडे त्या मानाने साधारण पस्तीस मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. हा हिशेब त्यांनी मला कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या बाजूला करून दाखवला. म्हणजे ही प्रमाणवेळ आली त्या 1906 सालापासून समस्त पुणेकर सूर्याच्या अर्धा तास पुढे धावतोय. शिवाय आमच्या हॉलमधलं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावलेलं असतं ते वेगळंच. ते पुढे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं, प्रत्येक जण मनात दहा वजा करतो, आणि तरी ते मागे करायचं नाही.

आता हा जादा तास वापरायचा कसा? घरी असताना माझी यादी तयार असे: कपाट आवरायचं, जुने फोटो लावायचे, पेटी पुन्हा सुरू करायची. इथे कपाट हातभर, फोटो घरी, पेटी माळ्यावर. पहिल्या रात्री तो तास मी आढ्याकडे बघण्यात घालवला. यांनी तर घालवलाच नाही. तळजाई टेकडीवर फिरायच्या सवयीने ते पाचला उठायचे, ते आता चारला उठले आणि अंधारात डेकवर फेऱ्या मारून आले. तिथे त्यांना तसेच चार-पाच जर्मन भेटले. एकमेकांची भाषा येत नसताना गुडघ्यांवर चर्चा कशी होते, हे मला अजून कळलेलं नाही.

बाकी दिवसभर बोटीवर काही ना काही चालूच असतं. सामान्यज्ञानाच्या स्पर्धा, नाच शिकवणं, टॉवेलची घडी घालून हत्ती करणं. उत्साही मंडळी एकातून दुसऱ्यात पळत असतात. मला त्यात फारसा रस वाटला नाही. मजा वाटली ती खुर्च्यांची. सकाळी सातला तरणतलावाजवळच्या सगळ्या खुर्च्यांवर टॉवेल आणि माणूस एकही नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या लोकांना आपण उगाच नावं ठेवतो. 'टॉवेल उचलले जातील' अशी पाटी होती, पण त्या पाटीत जोर नव्हता. ती पाटी सदाशिव पेठेतल्या कोणाकडून तरी लिहून घ्यायला हवी होती.

दुपारी बाराला कप्तान बोलायचा. बोट कुठे आहे, वारा किती, खाली पाणी किती. एके दिवशी म्हणाला, 4700 मीटर. हे लगेच म्हणाले, सिंहगड समुद्रसपाटीपासून साधारण तेराशे मीटर. एकावर एक तीन सिंहगड ठेवले तरी वरचा झेंडा पाण्याखालीच. मी वाढून आणलेलं ताट तसंच ठेवून थोडा वेळ पाण्याकडे पाहिलं. मग जेवले.

जेवणाचं सांगायचं तर, चोवीस तास (आणि पंचविसाव्यातही) काही ना काही मांडलेलं असतं, आणि तिसऱ्या दिवसापासून त्यातलं काही नको वाटतं. केबिनमध्ये शेगडी, किटली न्यायला बंदी. पण मेतकुटाच्या बंद पाकिटाला कोणी हरकत घेतली नाही. साधा भात घ्यायचा, वरचा कोरडा बाजूला सारून आतला वाफाळता. लोण्याच्या सोनेरी कागदातल्या दोन वड्या तुपाच्या जागी, त्या विरघळेपर्यंत थांबायचं, मग मेतकूट, मीठ, आणि बोटांनी कालवायचं. काट्याने मेतकूट-भात खाता येत नाही, चिकटतो.

तो कालवताना बघूनच भात वाढणारा मुलगा जवळ आला. "काकू, पुण्याच्या काय?" तो मालवणकडचा. सात-आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, आठवड्याची सुट्टी नाही. मी त्याला चिमूटभर मेतकूट दिलं, त्याने ते तसंच तोंडात टाकलं आणि मला फुकटच्या तासाचं खरं सांगितलं. "तुम्हांला काय त्या तासाचं? आमच्यासाठी ती झोप हो. अमेरिकेकडे जाताना आम्ही सगळे खूश. वसंतात बोट उलटी येते ना, तेव्हा तोच तास कापतात, आणि सकाळची ड्यूटी आहे तिथेच." त्यानंतर मला त्या तासात झोप आली नाही तरी मी निदान दिवे लावून बसले नाही.

ताईला हे सगळं फोनवर सांगायचं म्हणजे कसरत. बोटीवरचं इंटरनेट दिवसाच्या भावाने विकतात, आणि ह्यांनी सर्वांत लहान पॅक घेतलेला. सहकारनगरात ताईचा चारचा चहा बार्सिलोनात आमच्या साडेअकराला यायचा. तो सरकत सरकत फ्लोरिडाला पोचेपर्यंत पहाटे साडेपाचवर आला. ताई मात्र चारच्या आत फोनवर येत नाही. "झोप झाल्याशिवाय मी कोणाशी बोलत नाही, तू अटलांटिकमध्ये असलीस तरी." मग तिनेच एकदा आनंदीबाई जोशींचा विषय काढला. पुण्यात जन्मलेली मुलगी, अठराव्या वर्षी, एप्रिल 1883 मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसली ती जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. नवरा बरोबर नाही, समुद्र ओलांडला म्हणून इथे लोकांची तोंडं वेगळी. "आणि तू मेतकूट घेऊन गेलीस ते सांगतेयस," ताई म्हणाली. मी गप्प. नंतर ह्यांनी भर घातली की तेव्हा जगाची शून्य रेखासुद्धा ठरलेली नव्हती. ग्रिनिचवर शिक्का बसला तो ऑक्टोबर 1884 मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत, आणि त्या वेळी आनंदीबाई फिलाडेल्फियात डॉक्टरी शिकत होत्या.

पुण्याला परतलो विमानाने. त्याने ते सहाच्या सहा तास, आणि वर स्पेन ते भारत अंतराचे साडेचार, एकदम काढून घेतले. रात्री तीनला आम्ही दोघं टक्क जागे, आणि ह्यांच्या हातात पुढच्या वर्षीचं पत्रक. वसंतातली, पूर्वेकडे येणारी बोट, आणखी स्वस्त.

मी चौकशी केली. काही बोटींवर पूर्वेला येताना तो तास रात्री नाही, भर दुपारी कापतात. बाराचे थेट एक. म्हणजे जेवण किंवा वामकुक्षी, दोहोंतलं एक गेलंच. मी सरळ नाही म्हटलं आहे. हे म्हणतात, पैसे परत मिळणाऱ्या तारखेला अजून वेळ आहे. बोलणी चालू आहेत.