साडेचार तास, एक सही आणि फिसकटलेली चांदी

थेट मुद्द्यावर येते. कॉमिक्सच्या कन्व्हेन्शनला, म्हणजे चाहत्यांच्या मेळ्याला, सह्या घ्यायला निघाला असाल आणि यादीत लेखक, चित्रकार आणि नट असे सगळेच असतील, तर नटाला शेवटी ठेवा. गुडघे साथ देत नसतील तर सरळ गाळून टाका.

मला नेमकं उलट सांगण्यात आलं होतं. "नट आधी उरकून घे, मग दोन दिवस तू मोकळी." हे सांगणारा मित्र पाच-सहा कन्व्हेन्शन करून आलेला, म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवला. परत आल्यावर खोदून विचारलं तेव्हा कळलं की तो प्रत्येक वेळी फक्त फोटो काढून येतो. सही त्याने आजवर एकाही नटाची घेतलेली नाही. अनुभवी माणसाचा सल्ला घेण्याआधी अनुभव नक्की कशाचा आहे ते विचारा.

माझा बेत साधा होता. शाळेत असल्यापासून वाचत आलेल्या कॉमिक मालिकेचा पहिला अंक, एकच प्रत. त्यावर लेखक, पेन्सिलर (पेन्सिलने चित्रं रेखणारा), इंकर (त्यावर शाई ओढणारा) आणि त्या नायकाचं काम पडद्यावर करणारा नट, अशा चौघांच्या सह्या. चौघेही एकाच छताखाली येणार होते, असा योग पुन्हा कधी येणार? बरोबर धाकटा भाऊ होता, पाठीवर प्रत्येकी सात-आठ किलो. एवढं ओझं घेऊन दिवसभर सिमेंटच्या फरशीवर उभं राहता येतं, हे मी गृहीत धरते आहे. येत नसेल तर पुढचं करमणूक म्हणून वाचा.

शुक्रवार मजेत गेला. सकाळीच जाहीर झालं की नटसाहेबांचं विमान हुकलं, ते आता फक्त शनिवारी बसणार. आम्ही हिंडलो, इतर पुस्तकांवर पाच सह्या घेतल्या, संध्याकाळी लवकर बाहेर पडलो. त्या दिवसाबद्दल एवढंच.

शनिवार. जाहीर वेळ ११ ची. आम्ही पावणेदहाला रांगेत. दहाला टोकन मिळालं, २१२ नंबर. मला वाटलं, टोकन मिळालं म्हणजे मोकळे झालो, नंबर पुकारला की यायचं. तर तसं नाही! दोन दिवसांची गर्दी एका दिवसात आली म्हणून टोकन असूनही रांग सोडायची नाही असा फतवा निघाला. रांग सोडली की नंबर बाद. भाऊ म्हणाला, "ताई, तू बस जरा, मी उभा राहतो." तेही चालेना. ज्याच्या मनगटाला पट्टी त्यानेच उभं राहायचं. मग भाऊ दोन तास माझ्या शेजारी निव्वळ सोबत म्हणून उभा होता, आणि ते त्याने मला नंतर आठवडाभर ऐकवलं.

ही रांग मुख्य दालनात नव्हतीच. मागच्या बाजूला, जिथे माल उतरवतात त्या शटरपाशी तिला वळवलं होतं. वारा नाही, टेकायला भिंत नाही, फोनला रेंज नाही. नट आला १२ वाजून ४० मिनिटांनी. तासभर सह्या केल्या आणि फोटोसाठी उठून गेला, कारण फोटोची वेळ कुणा दुसऱ्याला विकलेली होती. हे नीट समजून घ्या, मला ते फार महागात पडलं: फोटो-ऑप, म्हणजे पैसे भरून नटाबरोबर काढायचा फोटो, आणि सही ही दोन वेगळी दुकानं आहेत. फोटोचं तिकीट वेगळं, रांग वेगळी, बहुतेक ठिकाणी ते चालवणारी कंपनीही वेगळी. फोटोत तुम्ही दहा सेकंद नटाशेजारी उभे राहता, छापलेला फोटो बाहेरच्या टेबलावरून उचलता, आणि त्यावर सही हवी असेल तर पुन्हा सहीच्या रांगेत पहिल्यापासून. मी फोटोचं तिकीट आधीच घेऊन ठेवलं होतं, त्यात सही धरलेली आहे या समजुतीत. फोटोची वेळ झाली तेव्हा मी सहीच्या रांगेत. रांग सोडता येईना, तिकिटाचे पैसे परत मिळेनात. दोन्ही घ्यायचं असेल तर दोन वेगळ्या दिवशी घ्या. एकाच दिवशी जमवू असं कुणी म्हणालं तर हात जोडा.

सव्वादोनला टेबल दिसायला लागलं, आणि टेबलावरचा बोर्डही. त्यावर एकच आकडा होता, ठळक. घोडं पेंड खातं ते इथे. तो आकडा त्यांच्याच गठ्ठ्यातल्या छापील फोटोवरच्या सहीचा. स्वतःची वस्तू आणलीत तर दर वेगळा. ती वस्तू कॉमिक असेल तर आणखी वेगळा, कारण ती 'कलेक्टिबल', म्हणजे संग्रहाची वस्तू. वर तुमचं नाव घालून हवं असेल तर त्याचे वेगळे. नायकाचा गाजलेला संवाद लिहून हवा असेल तर त्याचे वेगळे, आणि माझ्या पुढच्या मुलाच्या संवादातले शब्द हँडलरने, म्हणजे नटाचं टेबल सांभाळणाऱ्या माणसाने, खरोखर बोटांवर मोजले. टेबलाशी सेल्फीचे वेगळे. हे सगळं बोर्डाच्या पाठीमागे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणे. बोर्डाच्या पाठीमागे! मी शेवटी मोजलेली रक्कम बोर्डावरच्या आकड्याच्या अडीचपटीला दोन बोटं कमी होती. कार्ड चालत नाही हेही तिथे पोचल्यावर कळलं. भावाचा उपयोग झाला तो एवढाच: त्याला एटीएमकडे पळवलं.

दर इतके का, याचं कारण नंतर समजलं. बड्या नटांना बहुतेक आयोजक किमान रकमेची हमी देतात. टेबलावर तेवढे जमले नाहीत तर फरक आयोजकाच्या खिशातून जातो. म्हणून हँडलरची नजर तुमच्या पुस्तकाकडे नसते, पाकिटाकडे असते. नट स्वतः भला माणूस निघाला, दोन वाक्यं नीट बोललाही. त्याच्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पेनाबद्दल आहे.

माझ्या अंकाचं कव्हर गडद निळं, चकचकीत. त्यावर काळी सही दिसणार नाही म्हणून मी चांदीच्या रंगाचं पेंट पेन नेलं होतं, घरी टाकाऊ कव्हरवर चालवून पाहिलेलं. हँडलर म्हणाला, आमचंच पेन वापरायचं. त्याने पेन उचललं आणि न हलवता तसंच नटाच्या हातात दिलं. ज्यांनी पेंट पेन वापरलंय त्यांच्या लक्षात आलं असेल. त्यात रंगाची पूड तळाशी बसलेली असते. पेन आधी चांगलं खडखडवायचं, मग टोक रद्दी कागदावर दाबून रंग उतरवायचा, दोन रेघा मारायच्या आणि मगच कव्हरला लावायचं. इथे पहिल्याच अक्षराला पांढुरकं पाणी आलं आणि दुसऱ्या अक्षराला गोळा. तरीही वाळलं असतं तर चाललं असतं. पण मागे रांग तुंबलेली. मी "थांबा" म्हणेपर्यंत हँडलरने अंक माझ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवला, वरून तळहाताने दाबला आणि हसून पुढच्याला बोलावलं.

दालनाच्या कोपऱ्यात जाऊन पिशवी उघडली. आतल्या बाजूला सही उलटी उमटली होती, आरशात दिसावी तशी, आणि कव्हरवर तिसऱ्या-चौथ्या अक्षरांच्या जागी नुसता धुरकट डाग. साडेचार तास. मी तिथे फरशीवर बसले आणि दहा मिनिटं काही बोलले नाही.

म्हणून आता जे सांगते ते डोक्यात पक्कं बसवा. पेन स्वतःचं, आणि ते वापरू देणार का हे पैसे देण्याआधी विचारायचं. चकचकीत गडद कव्हरला चांदी किंवा सोनेरी पेंट पेन, फिक्याला बारीक टोकाचं काळं. साधं शार्पी मार्कर चालतं, पण त्याची शाई उजेडात वर्षानुवर्षं राहिली की फिकट होते, तेव्हा भिंतीवर लावणार असाल तर विचार करा. बॉलपेन कधीही नको, कव्हरवर चर उठतो. सही झाल्यावर अंक आपल्या हातात घ्यायचा, दुसऱ्या कुणाच्याही नाही, आणि निदान पाच मिनिटं उघडा धरून चालायचं. लोक वेड्यासारखं बघतात, बघू द्या.

दुसरं, पिशवीला खिडकी कापून न्या. बॅग-बोर्डमध्ये, म्हणजे मागे पुठ्ठा घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, अंक ठेवायचा आणि सही जिथे हवी तिथे पिशवीला चौकोनी भोक. बाकी कव्हर झाकलेलं राहतं, आणि सही करणारा नायकाच्या तोंडावर सही करत नाही. माझ्या अंकावर ती हनुवटीवर आहे. नाव घालून हवं असेल तर ते मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पिशवीवर चिकटवा. कव्हरला डिंक लावू नका, त्याने छपाई उचलते.

स्लॅब करून घेणाऱ्यांसाठी, म्हणजे अंकाला दर्जा ठरवून कडक प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेणाऱ्यांसाठी, एक गोष्ट, कारण यात दरवर्षी कुणीतरी फसतं. सीजीसी ही ग्रेडिंग (दर्जा ठरवणारी) कंपनी २००० पासून आहे. तिचं सही केलेल्या अंकासाठीचं पिवळं लेबल हवं असेल तर सही त्यांच्या साक्षीदारासमोरच व्हावी लागते. सही घेऊन आलात आणि मग त्यांच्या टेबलावर गेलात, तर रडून उपयोग नाही. आधी त्यांच्याकडे नोंद करा, साक्षीदार बरोबर घ्या, मग रांगेत उभे राहा. सही करणारे बरेच जण स्लॅबसाठी जास्त पैसे घेतात, कारण तो अंक विकायचा हे उघड असतं. ते मला रास्त वाटतं. आणि विकायचाच असेल तर वर स्वतःचं नाव घालून घेऊ नका, दुसऱ्याच्या नावाचा अंक सहसा कमीला जातो. मी नाव घातलं आहे. मला विकायचा नाही, आणि आता तसाही कोण घेणार!

रविवारी पाय इतके सुजले होते की बूट सैल करून चालत होते. तरी आर्टिस्ट अ‍ॅलीत शिरले, म्हणजे लेखक-चित्रकार टेबलं मांडून बसतात त्या भागात, आणि तासाभरात तिघांच्या सह्या झाल्या. तासाभरात! इंकरच्या टेबलाशी तर माझ्यापुढे कुणीच नव्हतं. लोक पेन्सिलरकडे झुंबड करतात आणि त्याच रेघांवर शाई ओढणारा माणूस शेजारी रिकामा बसलेला असतो. लेटररच्या, म्हणजे फुग्यांतले संवाद लिहिणाऱ्याच्या, टेबलाशी तर लोक रस्ता विचारायला थांबतात. या दोघांकडून सुरुवात करा. सही फुकट, गप्पा फुकट, आणि कुठल्या पानावर काय बिनसलं होतं ते तेच सांगतात. बरेच चित्रकार दोन-तीन पुस्तकांवर सही फुकट करतात, पुढच्या प्रत्येकासाठी पैसे घेतात किंवा खुशीने पैसे टाकायला डबा ठेवतात. टेबलावरचं एखादं प्रिंट घ्या, त्यांचं पोट त्यावर चालतं. चाळीस अंकांचं खोकं घेऊन टेबल अडवू नका. असा एक जण माझ्यापुढे होता. पेन्सिलरने पाच अंकांवर सही करून बाकीच्यांसाठी त्याला रांगेच्या शेवटी पाठवलं, तेव्हा मला झालेला आनंद लपवता आला नाही.

माझा डाग बघून पेन्सिलर मोठ्याने हसला. मग बारीक काळ्या पेनने डागाच्या खाली सही केली आणि तिथून डागाकडे एक छोटा बाण काढला: 'हे मी केलेलं नाही.' त्यावरून लेखकाने त्याच्याखाली लिहिलं, 'मीही नाही.' इंकरने निळ्या भागात नुसती सही केली, गंभीरपणे.

लेखक-चित्रकारांना आधी गाठा म्हणण्याचं आणखी एक कारण आहे. ते कायम भेटणार नाहीत. १९६२ च्या ज्या अंकात स्पायडर-मॅन पहिल्यांदा आला, त्याचं कव्हर जॅक कर्बीने रेखलं आणि स्टीव्ह डिट्कोने त्यावर शाई केली. गोष्ट स्टॅन लीची. कर्बी १९९४ मध्ये गेला, डिट्को आणि ली दोघेही २०१८ मध्ये. ली नव्वदी ओलांडल्यावरही कन्व्हेन्शनमध्ये सह्या करत असे, त्यामुळे त्याच्या सह्या ढिगाने आहेत. डिट्को दशकानुदशकं मुलाखतींपासूनही लांब राहिला. त्याची खरी सही किती जणांकडे असेल याचा अंदाज करा. नट अजून वीस वर्षं दर वर्षाकाठी दर वाढवून भेटत राहील.

कुठे जाताय त्यावरही बरंच अवलंबून आहे. सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये, १९७० मध्ये एका हॉटेलात सुरू झालेल्या, स्टुडिओंनी ठेवलेल्या नटांच्या सह्या बऱ्याचदा फुकट असतात, पण सोडतीत चिठ्ठी निघाली तर. फ्रान्समध्ये आंगुलेमच्या कॉमिक्स महोत्सवात, १९७४ मध्ये सुरू झालेल्या, चित्रकार सहीबरोबर पुस्तकात छोटं चित्रही काढून देतात, म्हणून रांग गोगलगायीसारखी सरकते आणि बहुतेक प्रकाशकांच्या स्टॉलवर पुस्तक तिथलंच घ्यावं लागतं. जाण्याआधी तिथली पद्धत वाचा, आणि दोन वेळा वाचा. नट येणार असं जाहिरातीत असलं तरी 'शूटिंगमुळे बदल होऊ शकतो' ही ओळ शोधा. ती असतेच. सहीचे आगाऊ भरलेले पैसे परत मिळतात का आणि प्रवेशाचं तिकीट परत होतं का, हे दोन निराळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर सहसा नाही असंच येतं.

बूट जुने घाला. रोख पैसे न्या, आणि बोर्ड पुढून-मागून वाचा. भाऊ असेल तर न्या, पण त्याला पट्टी वेगळी घेऊन द्या.

ती प्लॅस्टिकची पिशवी मी फेकलेली नाही. उजेडाकडे धरली की उलटी सही नीट वाचता येते, कव्हरवरच्यापेक्षा नीट. भाऊ म्हणतो आरसा लाव आणि फ्रेम कर.