पागडीची खोली आणि खात्यातले गेम

गिरगावातली आमची खोली पागडीची होती. आजोबांनी ती घेतली तेव्हा घरमालकाला एकरकमी पैसे मोजले आणि त्यानंतर दरमहा अगदी थोडे भाडे भरून पावती घ्यायची, हा शिरस्ता ४० हून अधिक वर्षे चालला. त्या भाडेपावत्या आजीने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वर्षवार दोरा बांधून ठेवल्या होत्या, आणि तो डबा माळ्यावरून फक्त दिवाळीच्या साफसफाईला खाली यायचा. खोली आपल्या मालकीची नाही, हे घरातल्या लहानथोरांना ठाऊक होते. तरीही ती आजोबांच्या मागे वडिलांच्या नावावर होईल आणि सोडायचीच वेळ आली तर घरमालकाचा वाटा देऊन ती दुसऱ्याला देता येईल, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती.

हा डबा मला हल्ली वरचेवर आठवतो, तो व्हिडिओ गेममुळे. माझ्या कपाटात आज ६१ डिस्क आहेत आणि निरनिराळ्या ऑनलाइन दुकानांच्या खात्यांत मिळून २०० च्या वर गेम आहेत. दोन्हींसाठी मी पैसे मोजले आहेत आणि बोलताना दोन्हींना मी ‘माझे गेम’च म्हणतो. पण त्यांतले नेमके काय माझे आहे, याचा शोध घेताना माझी अशी खात्री होत गेली आहे की खात्यातल्या गेमच्या बाबतीत आपण पागडीच्या भाडेकरूपेक्षाही खालच्या पायरीवर उभे आहोत.

मालकीची माझी पहिली समज गेमच्या कॅसेटपासूनची आहे. १९९० च्या दशकात आपल्याकडे ज्याला सगळे ‘टीव्ही गेम’ म्हणत, ती बहुतेक यंत्रे निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या जपानी गेमयंत्राची नक्कल होती, हे मला फार नंतर कळले. आमच्या चाळीत चार घरांत असा टीव्ही गेम होता आणि कॅसेटी मात्र सगळ्या मजल्यांवर फिरत असत. आपली कॅसेट ओळखू यावी म्हणून मी ताईच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका तिच्या मागच्या बाजूला, स्क्रूच्या खाचेशेजारी लावला होता. कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची, तरीही लागली नाही तर खोडरबराने आतल्या पट्ट्या हलक्या हाताने घासायच्या, एवढे तंत्र प्रत्येक पोराला येत होते. ती कॅसेट एकदा शेजारच्या मुलाकडे गेली, तिथून त्याच्या मावसभावाबरोबर डोंबिवलीला गेली आणि मे महिन्याची सुट्टी संपल्यावर परत आली. ठिपका अर्धा उडाला होता, कॅसेट मात्र व्यवस्थित चालत होती. आपली वस्तू ती, जी आपल्याला दुसऱ्याच्या हातात देता येते आणि परत मागता येते, ही मालकीची कसोटी मी तिथे शिकलो आणि तिच्याहून चांगली कसोटी मला आजवर सापडलेली नाही.

त्यापुढचा काळ सांगताना प्रामाणिक राहिले पाहिजे. आपल्याकडे प्लेस्टेशन २ हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचे गेमयंत्र, मोठ्या प्रमाणावर खेळला गेला तो चोरट्या डिस्कच्या जोरावर. अशा डिस्क चालाव्यात म्हणून यंत्रात ‘चिप’ बसवून घ्यायची आणि स्टेशनाबाहेरच्या पदपथावरून प्लास्टिकच्या पातळ पाकिटातली डिस्क घ्यायची, हे मीही कॉलेजात असताना सर्रास केले आहे. त्या डिस्क मी मित्रांना दिल्या, त्यांच्या आणल्या, काही विकल्याही. माझ्या कसोटीनुसार त्या पूर्णपणे माझ्या होत्या, पण ज्यांनी तो गेम वर्षानुवर्षे खपून बनवला त्यांच्या हाती माझ्याकडून एक रुपयाही गेला नव्हता. डिस्कच्या जुन्या दिवसांचे गोडवे गाताना आपल्या देशातल्या खेळाडूंनी ही गोष्ट विसरता कामा नये, असे मला मनापासून वाटते.

मला आणि माझ्या ओळखीच्या अनेकांना त्या सवयीतून बाहेर काढले ते डिजिटल विक्रीनेच. संगणकावरच्या गेमचे ऑनलाइन दुकान असलेल्या स्टीमने २०१५ मध्ये भारतात रुपयांत किमती लावल्या, सवलतीच्या दिवसांत चांगले गेम काहीशे रुपयांत मिळू लागले, आणि जे गेम दोन-तीन माणसांनी मिळून बनवले आहेत व ज्यांची डिस्क कधीच निघणार नव्हती, तेही घरबसल्या घेता येऊ लागले. कन्सोलचा मोठा गेम आजही डिस्कवर घ्यायचा तर पाच हजारांच्या आसपास रुपये मोजावे लागतात, हे लक्षात घेतले तर कॉलेजातल्या मुलाने डिजिटलकडे वळावे यात काही नवल नाही. शिवाय मुंबईच्या पावसाळ्यात डिस्कच्या वेष्टनातल्या छापील कागदाला बुरशी येते, दोन खोल्यांच्या घरात कपाटाचा एक खण अडतो आणि डिस्कवर चरा पडला की गेम नेमका मध्येच अडकतो. म्हणून सोय, किंमत आणि निवड या तिन्ही बाबतींत मी डिजिटल विक्रीला नावे ठेवणार नाही. माझी तक्रार ‘विकत घ्या’ असे लिहिलेल्या बटणाबद्दल आहे.

ते बटण दाबल्यावर आपल्याला गेम मिळत नाही, तो वापरण्याचा परवाना मिळतो, आणि ही गोष्ट कोणी न वाचणाऱ्या लांबलचक अटींमध्ये लिहिलेली असते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये याविषयी कायदा केला. डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला केवळ परवाना मिळणार असेल, तर तसे ठळकपणे सांगितल्याशिवाय ‘खरेदी’सारखे शब्द वापरता येणार नाहीत, असा तो कायदा असून १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे. स्टीमने त्याच्या आधीच पैसे भरण्याच्या पानावर परवान्याविषयीची एक ओळ दाखवायला सुरुवात केली. ती ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या खरेदीत फरक पडला नाही, पण वर्षानुवर्षे आपण कोणत्या व्यवहारात आहोत हे एकदा तरी स्वच्छ शब्दांत समोर आले, याचे मला समाधान वाटले.

परवाना म्हणजे काय, हे मला त्याच्या काही वर्षे आधी स्वतःच्या अनुभवातून कळले होते. नोकरीनिमित्त मी चार वर्षे मस्कतला होतो आणि तिथे उघडलेल्या एका खात्यावर मी ३७ गेम घेतले होते. ठाण्याला परत आल्यावर त्या खात्यावर माझे भारतातले कार्ड चालेना, म्हणून मी त्या ऑनलाइन दुकानाच्या मदतकक्षाला लिहिले. खात्याचा देश बदलता येत नाही, भारतासाठी नवे खाते उघडावे, असे मला अत्यंत नम्र भाषेत सांगण्यात आले. मग हे गेम मी माझ्याच दुसऱ्या खात्यात हलवू शकतो का, असे विचारल्यावर तितक्याच नम्रपणे नाही म्हणून उत्तर आले. त्याच महिन्यात मस्कतहून समुद्रमार्गे पाठवलेले आमचे सामान घरी पोचले. कुकर आणि चादरींच्या मधोमध, टॉवेलात गुंडाळलेल्या २२ डिस्क होत्या आणि त्यांतली प्रत्येक डिस्क ठाण्यात लावताच सुरू झाली. मी कोणत्या देशात राहतो, हे त्या डिस्कना विचारावेसे वाटले नव्हते.

एवढ्यावरून ‘डिस्क म्हणजे मालकी’ असा निष्कर्ष मी काढला होता, आणि तो अपुरा होता. युबिसॉफ्ट या कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटार शर्यतींचा गेम २०१४ च्या डिसेंबरमध्ये आला. एकट्याने खेळायचा झाला तरी त्याला कंपनीच्या सर्व्हरशी सतत जोडलेले राहावे लागत असे. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबली, ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि त्यानंतर अनेकांच्या खात्यांतून परवानाही काढून घेतला गेला. ज्यांनी दुकानात जाऊन डिस्क घेतली होती, त्यांचीही तीच गत झाली. त्यांच्या हातात डिस्क होती, वेष्टन होते, कदाचित दुकानाची पावतीही होती, आणि खेळण्यासारखे काहीच उरले नव्हते. अलीकडे तर गेमचा डबा उघडला की आत डिस्कऐवजी सांकेतिक क्रमांक छापलेला कागद निघतो. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ या गेमयंत्रासाठी अशीही कार्डे निघाली आहेत की ज्यांच्यात गेम नसून केवळ तो उतरवून घेण्याची किल्ली असते. किल्लीचे कार्ड निदान दुसऱ्याला देता तरी येते. कागदावरचा क्रमांक एकदा वापरला की संपला. उलट जीओजीसारख्या दुकानातून घेतलेल्या गेमची पूर्ण फाइल आपल्या हार्ड डिस्कवर ठेवता येते आणि ती बसवायला कोणाची परवानगी लागत नाही. म्हणजे डिस्क आणि डाउनलोड ही खरी विभागणी नव्हेच. पैसे घेतल्यानंतरही वस्तूची दोरी विकणाऱ्याच्या हातात राहते की नाही, यावर सगळे अवलंबून आहे.

इथे मला पागडीची खोली पुन्हा आठवते. घरमालक आणि भाडेकरू यांच्यातल्या त्या व्यवहारात अन्याय पुष्कळ होता, दोन्ही बाजूंनी होता, आणि पागडी घेणे हे कायद्याला मान्य नसतानाही मुंबईत दशकानुदशके चालले होते. पण माणसे त्या खोल्यांमध्ये जन्मली, लग्ने करून राहिली, आणि शेवटी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने त्या व्यवहाराला जागा दिली. भाडेकरूला हस्तांतर करता आले, त्याच्यामागे घरच्यांना राहता आले. स्टीमचे खाते मात्र विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, असे त्याच्या करारातच म्हटलेले आहे, आणि इतर मोठ्या दुकानांचे नियमही साधारण याच वळणाचे आहेत. माझ्या पश्चात माझ्या मुलीला कपाटातल्या डिस्क आपोआप मिळतील. खात्यातल्या गेमसाठी मला तिला पासवर्ड लिहून ठेवावा लागेल, म्हणजे करार मोडूनच तिला ते द्यावे लागतील.

युरोपात या प्रश्नाचा न्यायालयांत किस पाडला गेला आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये संगणक प्रणालीचा (सॉफ्टवेअरचा) कायमस्वरूपी परवाना घेणाऱ्याला तो पुढे विकता येतो, असा निकाल दिला होता. फ्रान्समधल्या एका ग्राहक संघटनेने त्याच दिशेने स्टीमची मालक असलेल्या व्हॉल्व्ह कंपनीवर दावा लावला आणि २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने संघटनेची बाजू उचलून धरली. मात्र २०२२ मध्ये अपिलात तो निकाल फिरला. गेम ही नुसती प्रणाली नसून त्यात चित्रे, संगीत, कथा असे बरेच काही असते, हा युक्तिवाद तिथे महत्त्वाचा ठरला. गेमला कलाकृती मानले गेले याचा आनंद मानायचा, तर त्याच कारणाने तो दुसऱ्याला विकण्याचा हक्क गेला, हे मला आजही पटत नाही. पुस्तक ही कलाकृतीच असते, आणि ते आपण निर्धास्तपणे रद्दीच्या दुकानातही देऊ शकतो.

‘द क्रू’ बंद झाल्यावर रॉस स्कॉट या यूट्यूबवरच्या निर्मात्याने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ नावाची मोहीम सुरू केली आणि युरोपीय संघापुढच्या तिच्या नागरिक याचिकेने २०२५ च्या जुलैमध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. तिची मागणी मला फार समंजस वाटते. सर्व्हर कायम चालू ठेवा, असे ती म्हणत नाही. विकलेला गेम बंद करायचा असेल तेव्हा तो लोकांना आपापल्या घरी खेळता येईल अशा अवस्थेत सोडा, एवढेच म्हणते. युबिसॉफ्टनेच २०२४ मध्ये ‘द क्रू’च्या पुढच्या भागाला सर्व्हरविना चालण्याची सोय देण्याचे जाहीर केले, त्यामुळे हे अशक्य आहे असे आता कोणी म्हणू नये. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले की तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात मिळतच नव्हते. निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या गेमयंत्रांची ऑनलाइन दुकाने २७ मार्च २०२३ रोजी बंद केली, तेव्हा केवळ तिथेच विकले जाणारे कितीतरी गेम नव्याने घेण्याचा सरळ मार्ग संपला. जे राहिले आहे ते बऱ्याच अंशी कोणाच्या तरी कपाटामुळे राहिले आहे.

मी स्वतः आता असे करतो की एकदा खेळून सोडायचा गेम सवलतीत डिजिटल घेतो, आणि जो पुन्हा खेळावासा वाटेल किंवा कोणाला द्यावासा वाटेल तो, आत खरोखर गेम आहे याची खात्री करून, डिस्कवर घेतो. डिस्क देताना नाव आणि तारीख लिहायला टीव्हीच्या खणात एक दोनशे पानी वही ठेवली आहे. दुसऱ्या मजल्यावरचा नववीतला मुलगा रविवारी येतो, आधीची डिस्क परत करतो, प्रकाशात धरून चरा पडलेला नाही हे मला दाखवतो आणि मग कपाटापुढे मांडी घालून पुढची निवडायला बसतो. गेल्या रविवारी त्याने माझ्या संगणकावरचा एक गेम पाहिला आणि तो घरी नेता येईल का, असे विचारले. तो माझ्या खात्यात आहे, डिस्कवर नाही, असे मी सांगितल्यावर त्याने विचारले, “पण काका, तुम्ही तो विकत घेतलाय ना?” मी वही उघडली आणि त्याने निवडलेल्या दुसऱ्या डिस्कचे नाव लिहून घेतले.