सात पिढ्यांचं विरजण

परवा रात्री दूध विरजायचं परत राहिलं. कारण नेहमीचंच, पुस्तक. झोपायच्या आधी दोनच पानं म्हणून हातात घेतलं आणि दीड वाजला. मग उठून ओट्यापाशी गेले तर दूध पार गार, ते परत तापवा, करंगळी बुडवून बघा, विरजण घाला, झाकण ठेवा, हे सगळं अर्ध्या झोपेत, आणि बहुतेक मी करंगळी बुडवलीच नाही आणि दूध चांगलंच कढत होतं. सकाळी सासूबाईंनी पातेलं जरा तिरकं करून बघितलं, आतलं डुचमळलं, त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, कारण उरलेलं विरजण मी सगळंच्या सगळं त्यात ओतलं होतं.

पुस्तक म्हणजे किम स्टॅन्ली रॉबिन्सनची ‘ऑरोरा’ कादंबरी, २०१५ सालची. दुसऱ्यांदा वाचतेय. नारळीकरांच्या विज्ञानकथांवर वाढलेली बाई मी, परग्रहवाले म्हटलं की कान टवकारतात, पण या पुस्तकात परग्रहावरचं काही समोर यायलाच बराच वेळ लागतो आणि तोपर्यंत चालू असतो तो चक्क संसार. एक प्रचंड जहाज टाऊ सेटी नावाच्या ताऱ्याकडे निघालंय. अंतर जवळजवळ १२ प्रकाशवर्षं, वेग प्रकाशाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे पोचायला दीडशेच्या वर वर्षं. (नासाचं व्हॉयेजर-१ यान आत्ता सेकंदाला १७ किलोमीटरने चाललंय, त्याला तेवढंच अंतर कापायला दोन लाखांहून जास्त वर्षं लागतील, त्यामुळे दीडशेला नावं ठेवू नयेत.) जे चढले ते वाटेतच जाणार, त्यांची मुलं वाटेत जन्मणार आणि वाटेतच जाणार, असं करत करत सहा-सात पिढ्या.

सात पिढ्या म्हटलं की आपल्याला एकच आठवतं, बसून खातील इतकं कमावून ठेवणं. या जहाजातल्या पहिल्या लोकांनी तीच तर सोय केली होती. दोन मोठी चक्रं, त्यात मिळून २४ वेगवेगळे प्रदेश, शेतं, जंगलं, तळी, जनावरं, दोन हजारांच्या आसपास माणसं. आणि सोय करणाऱ्यांना विचारायची सोय नाही. श्राद्धाला आपण बाप, आजा, पणजा अशी तीनच नावं घेतो, त्याच्या मागचे सगळे एका घोळक्यात. तसंच इथे, जहाज ज्यांनी बांधलं ते घोळक्यात गेलेत, आणि गळती मात्र आत्ताच्या लोकांच्या डोक्यावर. दुरुस्त्या बघणारी जी मुख्य इंजिनिअर आहे तिचं नाव देवी. आणि ती सदैव भडकलेली असते! वाचताना मी मनात किमान चारदा ‘देवी कोपली’ म्हटलं असेल. ही देवीच जहाजाच्या कॉम्प्युटरला सांगते की आपल्या प्रवासाची गोष्ट लिही, म्हणून बरंचसं पुस्तक त्या जहाजानेच सांगितलंय, आणि उपमा कशी द्यायची यावर ते बिचारं असं अडखळतं की शाळेतला निबंध आठवावा.

देवीचं खरं दुखणं बारीकसारीक असतं. फॉस्फरस कुठेतरी अडकून बसतो आणि पिकांना मिळत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे जंतू. माणसाची एक पिढी पंचवीस-तीस वर्षांची, जंतूंची मिनिटांत मोजायची, त्यामुळे एकाच बंद डब्यात राहून ते भराभर बदलत पुढे जातात आणि माणसं, झाडं, जनावरं मागे राहतात.

हे वाचून मी ओट्यापाशी उभी राहून हिशेब केला. अर्धा लिटर दूध म्हणजे शंभर चमचे. त्यात एक चमचा विरजण. एकाचे दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, आणि सातव्या खेपेला एकशे अठ्ठावीस, म्हणजे शंभर ओलांडले. सात वेळा दुप्पट झालं की पातेलंभर दही. जहाजातल्या माणसांना ज्याला दीडशे वर्षं लागली ते माझ्या पातेल्यात झाकणाखाली रात्रीत उरकतं, सात पिढ्या, सकाळी पोळीबरोबर खायला तयार. सासूबाई लग्न होऊन १९८३ साली कराडहून डोंबिवलीला आल्या तेव्हा त्यांच्या आईने पेढ्याच्या स्टीलच्या डबीत विरजण दिलं होतं, एसटीत मांडीवर धरून आणलेलं. ते विरजण या घरात २०२० पर्यंत चाललं. रोज सात पिढ्या, सदतीस वर्षं, म्हणजे लाखाच्या घरात पिढ्या झाल्या! माणसाच्या एक लाख पिढ्या मागे गेलं तर माणूसच नव्हता. तेव्हा ‘माझ्या आईचं दही’ असं सासूबाई म्हणायच्या त्यातलं आईचं नक्की किती उरलं होतं देव जाणे, पण हे मी घरात बोलले नाही.

बंद डब्यात माणसं ठेवून बघायचा प्रयोग खरोखर झालेला आहे. अमेरिकेत ॲरिझोनात ‘बायोस्फिअर २’ म्हणून काचेचं एक अवाढव्य घर बांधलं, तीन एकरांहून थोडं जास्त, आत छोटं जंगल, छोटा समुद्र, शेती, आणि २६ सप्टेंबर १९९१ ला आठ माणसं आत जाऊन दार लावून बसली, दोन वर्षांसाठी. काही महिन्यांतच आतला ऑक्सिजन उतरायला लागला, जवळपास २१ टक्क्यांवरून साडेचौदापर्यंत. लोकांना चढ चढताना धाप लागायची, म्हणजे ॲरिझोनात बसून हिमालयात राहिल्यासारखं. चोर सापडला तो मातीत. पिकं जोमाने यावीत म्हणून आत भरपूर खताची माती घातली होती, त्यातले जंतू मजेत जेवत होते आणि ऑक्सिजन संपवत होते. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड तरी झाडांना मिळावा, तर तो भिंतींच्या काँक्रीटने गुपचूप पिऊन टाकला, त्यामुळे बराच काळ कुणाला हिशेबच लागेना. शेवटी जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. फुलांवर बसणारे किडे बरेचसे मेले, झुरळं आणि मुंग्या मात्र माजल्या. झुरळांचं मला नवल वाटलं नाही.

पण तिथे बाहेरून नळी लावता आली, माझा सगळा जीव या वाक्यात अडकलाय. देवीच्या जहाजाला ‘बाहेर’च नाही.

मग ते पोचतात. टाऊ सेटीच्या एका ग्रहाला चंद्र आहे, तोच ऑरोरा, समुद्र आणि सोसाट्याचा वारा. हवेत ऑक्सिजन, जीव कुठे दिसत नाही, सगळे खूश. पहिली तुकडी उतरते, घरं बांधते. मग एकीचा सूट फाटतो, जखमेला तिथला चिखल लागतो, आणि ताप येतो. मग दुसऱ्याला. तिथे काहीतरी आहे, जंतूपेक्षाही बारीक, प्रथिनाच्या तुकड्यासारखं, आणि ते जिवंत आहे की नाही हेच या हुशार लोकांना शेवटपर्यंत ठरवता येत नाही. परग्रहवासी म्हणून आपण काय काय कल्पना केलेल्या, हिरवी डोकी, तबकड्या, निदान एखादा संदेश. आणि निघालं काय तर चिखलातलं काहीतरी, ज्याला आपण आलोय हे कळलंसुद्धा नाही. त्यातला एक जण म्हणतो त्याचा अर्थ असा, की एखादी जागा जिवंत असेल तर आपल्याला मारेल, आणि मेलेली असेल तर ती जिवंत करता करता आपणच मरू. हे वाचल्यावर मी उठून पाणी प्यायले.

यानंतरचा भाग मला पहिल्यांदा वाचताना अतिरंजित वाटला होता. खाली उतरलेले घाबरून परत येतात आणि जहाजावरच्या काही जणांना ते आत नकोच असतात. पुढे काय होतं ते सांगत नाही. पहिलं वाचन २०१९ चं. दुसऱ्यांदा वाचताना मला आमचं गेट आठवलं. एप्रिल २०२० मध्ये सोसायटीने दोर बांधला होता, दूधवाला दोराच्या पलीकडे, भाजी दोराच्या पलीकडे, आणि बी विंगमधल्या एकांचा मुलगा पुण्याहून कसाबसा पोचला तर त्याला दीड तास उन्हात उभं केलं आणि वर ग्रुपवर चर्चा चालू होती. मीही होते त्या ग्रुपवर. मी काही लिहिलं नाही, पण अंगठा दाखवला होता, कुठल्या मेसेजला ते आता आठवत नाही म्हणून बरं.

त्याच महिन्यात आमचं विरजण गेलं. दह्याला तार सुटली, चमचा उचलला की लांबच लांब दोरा, वास भलताच. दोन दिवस सासूबाई मानायला तयार नव्हत्या. मग समोरच्या काकूंना फोन केला. समोरच्या म्हणजे दारासमोर दार, मधे सहा फूट. काकूंनी वाटीवर ताटली झाकून ती जिन्याच्या कठड्यापाशी ठेवली, दार लावून घेतलं, मग आमचं दार उघडलं, मी वाटी उचलली, तिच्यावरून ओलं फडकं फिरवलं आणि आत आणली. आज आमच्या घरात जे दही लागतं ते त्या वाटीचं, आणि काकूंकडे ते त्यांच्या बहिणीकडून आलेलं, आणि बहिणीकडे कुठून, तर तिच्या शेजारणीकडून. टाऊ सेटीवाल्यांनी कुणाला फोन करायचा? त्यांची सगळ्यात जवळची शेजारीण बारा प्रकाशवर्षं मागे राहिलीय, ‘वाटी ठेव गं’ म्हणायला बारा वर्षं आणि ‘ठेवते’ ऐकायला आणखी बारा.

तो तारा मी बघितलाय, म्हणजे असं मी म्हणते. डिसेंबरात रात्री आठच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की बऱ्यापैकी वर असतो, तिमिंगल नावाच्या तारकासमूहात. डोंबिवलीच्या गच्चीतून फक्त ॲपमध्ये दिसला. कराडकडे गेलो होतो तेव्हा शेतात उभं राहून खरा शोधला, फिकट, अगदी साधा, शेजारच्याच्या बोटाने दाखवल्याशिवाय कळणार नाही असा. याच ताऱ्याकडे १९६० साली फ्रँक ड्रेक या खगोलशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या ग्रीन बँकची रेडिओ दुर्बीण रोखून कुणी बोलतंय का ते ऐकलं होतं. काही आलं नाही. नवरा म्हणाला, ऐकू आलं असतं तर काय विरजण मागणार होतीस का.

तर परवा सकाळी पातेलं डुचमळलं, विरजण शून्य, आणि काकू नेमक्या लेकीकडे गेलेल्या, दाराला कुलूप. डेअरीचं दही आणू का म्हटलं तर सासूबाईंनी अशी नजर टाकली की बस. मग त्यांनी फ्रीज उघडला, पिशवीतून दोन हिरव्या मिरच्या काढल्या, देठं शाबूत आहेत ना ते उजेडात धरून बघितलं, आणि कोमट दुधात सोडल्या.

“आई, हे काय?”

“देठाला असतं विरजण. शेतातनं येताना घेऊन येतात त्या.”

पहिल्या दिवशी नुसतं फाटल्यासारखं झालं. त्यातलंच चमचाभर घेऊन दुसऱ्या दिवशी लावलं, ते जरा बरं, किंचित तिखटसर वास. आज तिसरं, पातेलं तिरकं केलं तरी हललं नाही. जहाजाच्या चोवीस प्रदेशांत मिरचीचं एखादं झाड होतं का, ते आता परत पहिल्यापासून वाचून शोधते.