दिवसाची काठी

दोन वर्षं माझी पांढरी काठी पर्समध्येच असायची, पावसाळ्यातल्या छत्रीसारखी. संध्याकाळी स्टेशनवर उतरले की बाहेर काढायची आणि घराचं दार आलं की लगेच दुमडून आत. दिवसा काढायची नाही, हा माझा मीच केलेला नियम.

रेटिनायटिस पिग्मेंटोसा हे नाव मला एकोणतिसाव्या वर्षी सांगलीच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. यात आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग कडेचं जातं, आणि शेवटी नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं उरतं. त्या नळीतून मला समोरच्याचं नाक दिसतं. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आल्यापासून मी तेवढ्यावर निभावून नेत होते. कोणी विचारलंच तर, "मला जरा कमी दिसतं." हळदीकुंकवाला कोणाच्या तरी रांगोळीत पाय पडला की तेच वाक्य.

नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्या अधिवेशनाचं मला ब्रेलच्या वर्गातल्या एका बाईंनी सांगितलं. १९४० साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी गावात सात राज्यांतली माणसं जमली आणि जेकबस टेनब्रुक या अंध कायदेपंडिताच्या पुढाकाराने ही संघटना उभी राहिली. अंधांसाठी चालवलेल्या संस्था पुष्कळ आहेत, ही अंधांची, त्यांनीच चालवलेली. दर उन्हाळ्यात यांचं राष्ट्रीय अधिवेशन भरतं. २०२५चं होतं ८ ते १३ जुलै, न्यू ऑर्लिन्सला. त्या वर्षीची आषाढी ६ जुलैला. आई फोनवर म्हणाली, "एकादशी सोडून मग निघ." म्हणजे परवानगी मिळाली. नवऱ्याची मिळायची होती.

पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी संघटनेचे एकेकाळचे अध्यक्ष केनेथ जर्निगन यांच्या नावाने प्रवासखर्चाला मदत मिळते. अर्जाची मुदत १५ एप्रिल. अधिवेशनाला येणं तुम्हाला का महत्त्वाचं वाटतं, हे त्यात लिहायचं. दोन ओळींचं काम, पण मी त्यावर तीन रविवार घालवले. "दृष्टी कमी असल्यामुळे" असं लिहायचे आणि स्क्रीन रीडरने ते वाचून दाखवलं की खोडायचे. स्वतःचा खोटेपणा यंत्राच्या सपाट आवाजात ऐकवत नाही. शेवटी "मी अंध आहे" असं लिहून पाठवून टाकलं.

मग फोनवर मुलाखत. बाई मोकळ्या होत्या. विचारलं, काठी वापरता का? मी म्हटलं, रात्री वापरते.

"आणि दिवसा काय करता?"

दिवसा मी आपटते, हे खरं उत्तर होतं. तेच दिलं. बाई खळखळून हसल्या. स्वतः जन्मांध होत्या, हे मला नंतर कळलं.

मदत मंजूर झाली. पण ते पैसे तिथे पोहोचल्यावर हातात पडतात, म्हणजे आधी सगळं आपल्या खिशातून. याचा हिशेब धरून ठेवलेला बरा. खोल्यांची चौकशी तर जानेवारीतच करायला हवी. मी एप्रिलमध्ये जागी झाले तेव्हा खोली मिळाली ती ओहायोच्या एका बाईंबरोबर वाटून. त्यांचा पहिला प्रश्न, "कुत्रा चालेल ना?" त्यांच्याबरोबर वाट दाखवणारा गाईड डॉग येणार होता. मी लहानपणापासून कुत्र्यांना घाबरते. चालेल म्हटलं.

घरातली बोलणी जास्त लांबली. नवऱ्याचं म्हणणं, मी रजा टाकतो, सोडून येतो, आणायला येतो. मुलगी म्हणाली, आगगाडीने जा, थेट आहे. न्यूयॉर्कहून क्रेसेंट नावाची गाडी खरंच थेट जाते, पण तीस तासांच्या वर बसायचं. नवऱ्याला मी शेवटी म्हटलं, हजारो आंधळ्यांमध्ये तू एकटा डोळस, तुझं तिथे काय काम? तो गप्प झाला. राग आला असावा. चेहरा मला दिसत नाही याचा कधीकधी फायदा होतो.

त्याच सुमारास संघटनेकडून काठी मागवली. अमेरिकेत राहणाऱ्या कोणाही अंधाला ती फुकट मिळते. ही न दुमडणारी, फायबरग्लासची, टोकाला धातूची चकती. उंची माझ्या हनुवटीच्या वर. पर्समध्ये काय, कपाटातही मावत नव्हती. धातूच्या टोकाचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो, मोकळ्या जागी येत नाही. दुकानाचं दार उघडं आहे का बंद, हे मला पंधरा दिवसांत त्या आवाजावरून कळायला लागलं. मे महिनाभर रोज सकाळी भर उजेडात आमच्या गल्लीतून स्टेशनपर्यंत गेले. चौथ्या दिवशी ओळखीच्या एक काकू भेटल्या. "अगं, हे काय झालं तुला?" म्हटलं, पंधरा वर्षांपूर्वीच झालंय.

सामान भरणं हा मात्र माझ्या आवडीचा भाग. शेवटच्या दिवशी मेजवानी असते, तिला साडी नेसायची ठरवली होती. इरकल हाताला कळते, काठ चाचपला की पुरे. घोळ ब्लाउजांचा, सगळ्यांचं कापड सारखंच. लालच्या आत शिवणीला एक सेफ्टी पिन, हिरव्याला दोन, काळ्याला एकही नाही. सकाळच्या गोळ्यांच्या बाटलीला एक रबर, रात्रीच्या बाटलीला दोन. आणि हॉटेलच्या खोलीचं दार ओळखायला एक जाड केसांचं रबर, कडीला अडकवायला. ही युक्ती मला तिघांनी वेगवेगळी सांगितली होती.

विमानतळावर काउंटरवर विमानाच्या दारापर्यंत सोबत मागितली. आली चाकाची खुर्ची. मी म्हटलं, पाय ठीक आहेत. तो मुलगा म्हणाला, बसा, मला लवकर नेता येईल. मी पुन्हा नाही म्हटलं. त्याने वरच्या माणसाला बोलावलं. १९८६च्या कायद्याने विमान कंपनीला न मागितलेली सेवा प्रवाशावर लादता येत नाही, हे मी घरून पाठ करून आले होते, पण ऐन वेळी माझं इंग्रजी अडखळलं. शेवटी मी खुर्चीत माझी बॅग ठेवली आणि शेजारून चालत निघाले. मुलाला ते विनोदी वाटलं. पुढे तो बरा वागला, दुकानांची नावं सांगत होता. विमानात काठीवरून पुन्हा प्रश्न आला. खिडकीची सीट मी मुद्दाम घेतली होती. सीट आणि विमानाची भिंत यांच्या फटीत लांब काठी आडवी बसते.

न्यू ऑर्लिन्सचा उकाडा म्हणजे मेमधली मुंबई. अधिवेशन कॅनाल स्ट्रीटवरच्या समोरासमोरच्या दोन हॉटेलांत होतं. रस्ता चांगलाच रुंद, मधून ट्राम जाते. लॉबीत शिरले तर सगळीकडून काठ्यांचा आवाज, टक टक टक टक, त्यात कुत्र्यांच्या पट्ट्यांची किणकिण. कोणीतरी माझ्या काठीत काठी अडकवली, "सॉरी" म्हणालं आणि पुढे गेलं. मी पण कोणाला तरी सॉरी म्हटलं, तो खांब होता. लिफ्टमध्ये सगळे मोठ्याने आपापला मजला सांगत होते आणि बटणांपाशी जो सापडेल तो दाबत होता.

ओहायोच्या बाई आधीच आलेल्या. त्यांचा कुत्रा टेबलाखाली घोरत होता. मी दाराच्या कडीला रबर अडकवलं आणि पहिल्याच खेपेला खोली बरोबर सापडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले तर कडीला रबर नाही. सफाईवाल्यांनी काढलं असणार. पुढचं दार चाचपलं, त्याच्या पुढचं, मग मागचं. कुठेच नाही. खिशातून फोन काढून ओहायोला हाक मारावी का, असा विचार करत भिंतीला हात टेकला तर बोटांखाली पाटी आली. वर उठावाचे मोठे आकडे, खाली ब्रेल. माझं ब्रेल अजून दुसरीतल्या पोराचं, एकेक टिंब मोजणारं. पहिला आकडा लागला, मग दुसरा. खोली शेजारची होती. मी एक दार सोडून डावीकडे सरकले आणि किल्लीचं कार्ड लावलं.