पंधरा डॉलरचं टेबल

वर्षातून एखादवेळी कॅसिनोत जाणाऱ्या माणसाने ब्लॅकजॅकचे पत्ते मोजायला शिकण्यात वेळ घालवू नये, असं माझं ठाम मत झालंय. ते झालं लास व्हेगासमध्ये, कमीत कमी पंधरा डॉलर लावायच्या एका टेबलावर. ब्लॅकजॅक म्हणजे आपल्या पानांची बेरीज एकवीसच्या वर न जाऊ देता पानं वाटणाऱ्या डीलरपेक्षा जास्त करायचा खेळ. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, लहानपणापासून मेंढीकोट आणि रमी खेळत आलेय, त्यामुळे मोजणीचं मला वावडं नाही. तिच्यामागचं गणित मला मनापासून आवडतं, म्हणूनच त्या रात्रीचा राग अजून गेलेला नाही.

लॉस एंजेलिसहून बहीण, मेहुणे, भाचा ओंकार आणि मी असे गाडीने निघालो. शुक्रवारी दुपारी या रस्त्याला कुणी लागू नये. वाटेतल्या बारस्टो गावापर्यंत नुसती रांग होती. हॉटेलने भाड्यावर वेगळी रिसॉर्ट फी लावली, तीही भरली. हूवर धरण आणि रेड रॉक कॅनियन पाहिलं, दोन्ही डोळे भरून पाहावं असं आहे.

ओंकारची तयारी मात्र कित्येक महिन्यांची होती. रोज ऑफिसातून आला की मोबाइलवर सराव. पद्धत अशी, की दुर्रीपासून छक्कीपर्यंतचं पान दिसलं की एक मिळवायचा, सत्ती-अठ्ठी-नव्वी सोडून द्यायची, आणि दश्शी, गुलाम, राणी, राजा किंवा एक्का दिसला की एक वजा करायचा. बेरीज चढत गेली म्हणजे उरलेल्यांत मोठी पानं जास्त, आणि ती खेळणाऱ्याच्या फायद्याची. मग ती बेरीज उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागायची आणि उत्तर चांगलं आलं तरच जास्त पैसे लावायचे. गाडीत मागच्या सीटवर त्याने मला अख्खा कॅट भराभर टाकत मोजून दाखवला. शेवटी बरोबर शून्य आलं, यायलाच हवं असतं तसं.

यामागे मोठी परंपरा आहे. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात असताना आयबीएम ७०४ या संगणकावर ब्लॅकजॅकची आकडेमोड केली आणि १९६२ साली पुस्तक लिहून सांगितलं, की या खेळात खेळणारा कॅसिनोला वरचढ ठरू शकतो. रुलेटच्या चाकाला मागचं काही आठवत नाही, पत्त्यांत मात्र गेलेलं पान परत पिसेपर्यंत गेलेलंच असतं. सशर्त संभाव्यता शिकवताना मी हे सांगते, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात.

तर शनिवारी रात्री आम्ही दोघं व्हेगासच्या मोठ्या रस्त्यावरच्या एका कॅसिनोत शिरलो. सिगारेटचा वास, एकही घड्याळ नाही, आणि बाहेर पडायचं दार शोधावं लागतं. मोजता येईल असं टेबल, म्हणजे सहा कॅट पेटीत भरून वाटणारं, सापडलं, पण तिथे कमीत कमी पन्नास डॉलर लावायचे होते. ओंकारच्या खिशात पाचशे होते. मोजणीचा फायदा मिळवायचा तर हिशेब जमल्यावर आठपट लावता यायला हवेत. म्हणजे एकाच हाताला चारशे. तो मुकाट्याने पुढे गेला आणि पंधराच्या टेबलावर बसला. मी त्याच्या शेजारी.

डीलर बाई साठीच्या असतील. छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली गाव लिहिलेलं, मनिला. ओंकारने नोटा पुढे ठेवल्या, त्यांनी त्या कॅमेऱ्याला दिसतील अशा पंख्यासारख्या पसरल्या आणि चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, सरकवल्या. हसून विचारलं, "कुठून आलात?" ओंकारने उत्तरच दिलं नाही. डोळे पानांवर, ओठ हलताहेत. मी म्हणाले, नाशिकहून. त्या म्हणाल्या, त्यांच्या इमारतीत एक भारतीय कुटुंब आहे, सणाला त्यांच्याकडून डबा येतो. इतकी छान बोलणारी बाई समोर, आणि माझा एरवी बडबडा भाचा मख्ख बसलेला.

दोनचार डाव झाल्यावर माझं लक्ष त्यांच्या डाव्या हाताशी असलेल्या काळ्या यंत्राकडे गेलं. प्रत्येक डाव संपला की वापरलेली पानं गोळा करून त्या थेट त्यात परत घालत होत्या. यंत्र सतत पिसत होतं. म्हणजे गेलेलं पान गेलेलं राहतच नव्हतं, पुढच्या हाताला परत येऊ शकत होतं! मोजायला काही उरतच नाही. मी हळूच म्हटलं, "अरे ओंकार, ते यंत्र बघ." तो म्हणाला, "माहितीये गं मावशी, पण सवय मोडायला नको." मला त्याचं फार वाईट वाटलं.

तेवढ्यात पलीकडच्या आजोबांना एक्का आणि राजा आला. पहिल्या दोन पानांतच एकवीस, म्हणजे ब्लॅकजॅक! त्यांनी बायकोचा हात धरून वर केला. त्यांचे पंधरा डॉलर लावलेले होते. बाईंनी मोजून अठरा दिले. मी हिरव्या कापडावरची ओळ नीट वाचली: ब्लॅकजॅकला सहास पाच, म्हणजे पाच लावले तर सहा. जुना दर तिनास दोन, म्हणजे दोन लावले तर तीन. त्याने साडेबावीस मिळायला हवे होते. साडेचार डॉलर कापले आणि आजोबा आनंदात टाळ्या देत होते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

माझा राग याच्यावर आहे. ब्लॅकजॅक साधारण एकवीस हातांत एकदा लागतो. तासाला सत्तर हात धरले तर तीन-सव्वातीन वेळा. म्हणजे पंधराच्या टेबलावर त्या एका ओळीपायी तासाला सुमारे पंधरा डॉलर जातात. कमीत कमी किती लावायचे याची पाटी दिव्यांनी उजळलेली, आणि ही ओळ कापडाच्या नक्षीत.

रात्री खाताना मी पेपर नॅपकिनवर ओंकारला मांडून दाखवलं. समज, चांगलं टेबल मिळालं, तू अचूक मोजलंस, सरासरी पंचवीस डॉलर लावलेस आणि एक टक्का वरचढ राहिलास. तासाला सतरा-अठरा डॉलर. पण त्याच तासात नुसत्या नशिबाने अडीचशे इकडे नाहीतर तिकडे होणार. दहा तास बसलास तरी हरून उठण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या आसपास. नशीब धुऊन जाऊन एक टक्का दिसायला शेकडो तास लागतात. ते रोज खेळणाऱ्याचं काम, आणि त्यालाही कॅसिनो उठवू शकतं. नेवाडा राज्यात, म्हणजे व्हेगासमध्ये, मनातल्या मनात मोजणं गुन्हा नाही, पण तुम्हाला खेळू न देण्याचा हक्क त्यांना आहे. ओंकार बराच वेळ नॅपकिनकडे बघत बसला. मग म्हणाला, "दहा तास इथे? मी नाही बसणार."

दुसऱ्या संध्याकाळी फ्रीमाँट स्ट्रीटला, जुन्या गावात गेलो. तिथे तिनास दोनचं, दहा डॉलरचं टेबल सापडलं. बहिणीने भेटवस्तूंच्या दुकानातून कोणत्या पानांवर काय करायचं याचं छोटं कार्ड घेतलं होतं. ते टेबलावर ठेवून बघितलं तरी चालतं. आठ-आठ आले की वेगळे करायचे, आपली बेरीज बारा असताना डीलरसमोर चौकी असेल तर आणखी पान न घेता थांबायचं, इन्शुरन्स, म्हणजे डीलरला ब्लॅकजॅक लागेल यावरची जादा पैज, विचारला की नाही म्हणायचं. एवढं पाळलं की कॅसिनोचा फायदा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. ओंकार तासभर खेळला, शेजारच्या ट्रकचालकाशी टेक्सासमधल्या उन्हाळ्याबद्दल बोलला, पोटभर हसला.

परत आल्यावर कॉलेजातले एक सर दिवाळीत गोव्याला निघाले होते. मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जायच्या आधी मोजणी शिकू का, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना चिप्सवरचा कर सांगितला: २०२३ च्या ऑक्टोबरपासून २८ टक्के जीएसटी, २०२५ च्या सप्टेंबरपासून ४०. त्यापुढे एका टक्क्याचा काय पाड लागणार? सर, ते कार्ड पाठ करा, कापडावरचा दर वाचा, आणि सहास पाच दिसलं तर बसूच नका. आपण सगळे बसतो म्हणून तो दर टिकून आहे.